डिजिटल वॉकी-टॉकी घेण्याआधी परवान्याची अनुसूची वाचा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साखर कारखाने, रुग्णालये, मोठी गृहसंकुले, बांधकामाच्या साइट्स अशा ठिकाणी जुने अॅनालॉग वॉकी-टॉकी काढून डिजिटल संच घेतले जात आहेत. बदल स्वागतार्ह आहे. आवाज स्वच्छ येतो, बॅटरी जास्त टिकते. मात्र बरेच विक्रेते 'संच बदला, जुनीच फ्रिक्वेन्सी भरा आणि बोला' असे सांगून मोकळे होतात. परवाना जुन्या संचांचा असतो, हवेत जाणारा सिग्नल नवा असतो, आणि जबाबदारी विक्रेत्यावर नाही, परवानाधारक संस्थेवर येते.

दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या, शाखेकडून मिळालेला परवाना म्हणजे नुसती बोलण्याची मुभा नव्हे. त्याच्या अनुसूचीत फ्रिक्वेन्सी, प्रक्षेपणाचा प्रकार, शक्ती, संचांची संख्या, ठिकाण आणि कॉल साइन (हवेत ओळख सांगण्यासाठी दिलेला संकेत) लिहिलेले असते. पहिल्यांदा प्रक्षेपणाचा रकाना पाहावा. २५ किलोहर्ट्झच्या जुन्या चॅनलवर तिथे '१६के०एफ३ई' असे दिसेल, १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर '११के०एफ३ई'. पहिला भाग रुंदीचा, म्हणजे सिग्नल किती जागा व्यापतो त्याचा: १६ किंवा ११ किलोहर्ट्झ. 'एफ३ई' म्हणजे अॅनालॉग एफएम आवाज. डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) या प्रचलित पद्धतीच्या डिजिटल संचाचा संकेत '७के६०एफएक्सई' असतो, म्हणजे रुंदी ७.६ किलोहर्ट्झ. कमी जागा व्यापतो, मग हरकत कसली, असे विचारले जाते. हरकत ही, की संदेशाचा प्रकारच बदललेला असतो. देखरेख केंद्रे (आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि गोव्यात ती आहेत) सिग्नल तपासताना तो नोंदीशी ताडून पाहतात; नोंद अॅनालॉगची आणि सिग्नल डिजिटल असला तर त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी अनोळखी घुसला आहे असेच दिसते. म्हणून परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते. हा अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करता येतो.

दुसरा गोंधळ दोन स्लॉटचा. डीएमआर १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर वेळेचे ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे तुकडे, म्हणजे स्लॉट, पाडते, त्यामुळे एका रिपीटरवर (संचाचा सिग्नल घेऊन तो पुन्हा दूरवर सोडणाऱ्या यंत्रावर) दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. फ्रिक्वेन्सी वाढवून मागावी लागत नाही, हे खरे. पण याचा अर्थ संचही दुप्पट घेता येतात असा काढला जातो, तो चूक. परवान्यात ४० संच असतील तर दोन्ही स्लॉट मिळून ४०च.

सर्वांत महाग पडणारी चूक रिपीटरची. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि हद्द संपली की एकदम तुटतो. अॅनालॉगसारखी खरखर वाढत जाऊन आधी सूचना मिळत नाही. तळघरात किंवा आवाराच्या टोकाला बोलणे तुटू लागले की विक्रेता गच्चीवर रिपीटर बसवून देतो. रिपीटरला मात्र एक फ्रिक्वेन्सी पुरत नाही, घेण्याची आणि सोडण्याची अशा दोन लागतात. हातातल्या संचांसाठी एकच मिळालेली असते, मग दुसरी कुठून येते? बऱ्याचदा दुसऱ्या ग्राहकाच्या संचातून उचललेली असते. शिवाय स्थिर अँटेना उभी राहिली की जागा आणि उंचीसाठी सॅकफा, म्हणजे अँटेनाच्या जागेला मंजुरी देणारी सरकारी समिती, हिच्या मंजुरीचा प्रश्न येतो, आणि विमानतळाजवळ तर तो टाळताच येत नाही. शुल्कही फ्रिक्वेन्सींची संख्या, अंतर आणि चॅनलची रुंदी यांवर ठरत असल्याने संस्थेचा अंदाज कोलमडतो. म्हणून आधी आवारात संच फिरवून चाचणी घ्यावी, रिपीटर लागणार असेल तर तो पहिल्याच अर्जात मागावा.

संक्रमणाच्या काळात जुने आणि नवे संच एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवणे शक्यतो टाळावे. डिजिटल सिग्नल अॅनालॉग संचात कर्कश घरघर होऊन ऐकू येतो. दोन्ही ठेवणे भागच असेल तर डिजिटल संच 'चॅनल मोकळा असेल तरच प्रक्षेपण' या सेटिंगवर ठेवावेत. नाहीतर ते चालू संभाषणावर थेट चढतात, आणि रुग्णालयात किंवा क्रेनखाली ते धोक्याचे आहे. डिजिटल संचात आपल्या गटाची खूण म्हणून भरायचे कलर कोड ० ते १५ असे १६ असतात. त्यामुळे दुसऱ्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. हवेतली टक्कर त्याने टळत नाही.

प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड संस्थेने स्वतःकडे ठेवावा आणि संचाच्या बटणांवरून फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय बंद करून घ्यावी. स्वस्त व्हीएचएफ पट्ट्यातले संच १३६ मेगाहर्ट्झपासून पुढे कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, तर विमानांच्या संभाषणाचा पट्टा १३७ पर्यंत जातो. एक चुकीचा आकडा कुठे पोहोचेल याची कल्पना यावरून यावी.

छोट्या दुकानाला किंवा उत्सवाच्या मंडळाला एवढा खटाटोप नको असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा कमी शक्तीच्या संचांचा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे. संचाला ईटीए, म्हणजे उपकरण मान्यता, मात्र हवीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने: संच कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आणि त्याला परवाना लागतो का, हे ग्राहकाला कळतच नव्हते. आमची मागणी आहे की हाच नियम दुकानातून आणि निविदेतून होणाऱ्या विक्रीलाही लावावा. दरपत्रकावरच प्रक्षेपणाचा संकेत, ईटीए क्रमांक आणि 'परवान्यात दुरुस्ती आवश्यक' ही ओळ छापलेली असावी. खरेदी समित्यांनी तोवर ही माहिती लेखी मागून घ्यावी आणि दुरुस्ती हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

राहिले जुने संच. ते भंगारात किंवा कर्मचाऱ्यांना वाटून टाकू नयेत. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून असा संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे. प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहून, फ्रिक्वेन्सी पुसून, दुरुस्तीच्या अर्जातच ते कमी केल्याची नोंद करावी.

आपले विश्वासू,
वायरलेस क्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे