आजींच्या वाड्याचे कागद नीट करून देणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

वाडा विकायचा नाही, हे आजींनी बिल्डरला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण नकार तोंडी असतो आणि समोरचा माणूस कागदात फट शोधतो. त्या फटी तुम्ही बुजवून दिल्यात, त्याबद्दल हे पत्र.

मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव होतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज तुम्ही लावून दिलात. मयताच्या नावावर राहिलेल्या घरावर भलताच वारस उभा करता येतो, हे पेठेतल्या किती घरांना ठाऊक असतं?

पण सगळ्यात मोठं ऋण हिश्श्याच्या बाबतीतलं. म्हातारं माणूस बधत नाही म्हटल्यावर बिल्डर पुतण्याला गाठतो, त्याचा अविभक्त हिस्सा विकत घेतो आणि ‘आता मीही मालक’ म्हणून कुलूप लावायला येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४४ तुम्ही आजींना समजेल असं सांगितलंत: एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली तो हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला घरच्यांना घेता येतो. म्हणून ताबा सोडायचा नाही. ‘सामान ठेवायला’ म्हणून एक खोलीसुद्धा द्यायची नाही.

‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून पुढे केलेले पैसेही नाकारायचे. असे पैसे घेतल्याची विसार पावती (सौद्याची आगाऊ रक्कम मिळाल्याचा कागद) नोंदवलेली नसली तरी करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालते. आणि कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) लिहून घेणाऱ्याचा त्यातून मिळकतीत हितसंबंध तयार झाला, तर ते मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही.

फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत, आणि पोच घ्यायचीच. पावसाळ्याआधी पन्हळी, कौलं, वासे बघून घ्यायचे आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हाताशी ठेवायचा. कारण महापालिकेने वाडा ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक वर्गात टाकला की तो रिकामा करून पाडावा लागतो, मग विकण्या-न विकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सिटी सर्व्हे नंबर टाकून सूची क्रमांक २ चा (नोंदवलेल्या खरेदी-विक्रीच्या दस्तांच्या यादीचा) शोध आता नात दर महिन्याला घेते. या महिन्यात नवी नोंद नाही.

आपले,
आजींचे शेजारी, पुणे