औषध ओतण्याआधी बेडूक बघा

महोदय,

बागेतल्या तळ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात कमळं आहेत, कारंजी आहेत, मासे आहेत. तळ्यात आपणहून राहायला येणारा बेडूक आजारी पडला तर काय करायचं, ते मात्र नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे तेव्हापासून लोक मला हे विचारतात. बहुतेकांचा उपचार विचारण्याआधीच उरकलेला असतो: कुणी माशांचं औषध ओतलेलं, कुणी मीठ टाकलेलं, कुणी मलम चोपडलेलं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या कातडीतून ते शोषून घेतो, श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. त्यामुळे त्याच्या अंगाला जे लावाल, ते त्याला पाजल्यासारखंच.

एक गृहस्थ 'फीट आलेला' बेडूक घेऊन आले होते. तो जबडा वासत होता, अंग पिळत होता आणि सुटलेली कातडी तोंडात कोंबत होता. कात टाकत होता बिचारा! बेडूक स्वतःची कात खातात. आजारी बेडूक वेगळा दिसतो. भर उन्हात उघड्यावर बसून राहतो, पाऊल जवळ आलं तरी उडी मारत नाही, कधी मांड्यांची आतली बाजू लाल झालेली असते.

त्याला हातमोजे घालून, ते स्वच्छ पाण्याने ओले करून उचला. भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं अंथरून सावलीत ठेवा. पाणी तळ्याचं किंवा पावसाचं घ्या, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. खोल पाण्यात सोडू नका, अशक्त झालेला बेडूक बुडतो (यावर लोक हसतात, पण खरं आहे). खायला घालू नका. पुढचं काम वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांचं. तरी पुष्कळ बेडूक वाचत नाहीत, हेही सांगायला हवं.

एक मरतो त्याहून मला धास्ती वाटते ती दुसऱ्या तळ्याची. कायट्रिड बुरशी कातडीतली क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. या बुरशीमुळे किमान 501 उभयचर प्रजाती घटल्या, त्यांपैकी 90 नामशेष झाल्या असाव्यात, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. ती दूरवर पोचली त्यात माणसांनी केलेल्या प्राण्यांच्या ने-आणीचा मोठा हात आहे. म्हणून आजारी बेडूक 'चांगल्या' तळ्यात नेऊन सोडू नका. जाळी, बादली, बूट धुऊन पूर्ण वाळवा. थोड्याच दिवसांत बरेच बेडूक मेलेले दिसले तर रानाव्हायरस या बेडकांना मारणाऱ्या विषाणूचीही शंका घ्या आणि वन्यजीव विभागाला कळवा.

आपल्या लेखात शेजाऱ्याच्या तळ्यातून पाणवनस्पती आणि बेडकाची अंडी मागून आणण्याचा सल्ला आहे. तो कृपया पुढच्या अंकात मागे घ्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका