सोसायटीचे संगणकीकरण आणि चेअरमनची कसोटी

महोदय,

गावात शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजेच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची 2,516 कोटी रुपयांची योजना केंद्राने जून 2022 मध्ये मंजूर केली. आता मराठवाड्यातील गावोगावच्या सोसायट्यांच्या कीर्दी-खतावण्याही संगणकावर चढू लागल्या आहेत. बदल आवश्यकच आहे. पेच आहे तो चेअरमन व संचालकांपुढे. जुन्या नोंदी भरताना वर्षानुवर्षे कागदोपत्री केलेले नवे-जुने, म्हणजे मार्चअखेर जुने कर्ज भरल्याचे दाखवून लगेच नवे उचलल्याची नोंद, आणि मयत सभासदांच्या नावावरील थकबाकी उघडी पडते. ती आहे तशी मांडावी, तर भावकीतलीच माणसे दुखावतात. गुपचूप जुळवून घ्यावी, तर नव्या व्यवस्थेचा पायाच खोटा ठरतो. माझ्या मते पहिलाच मार्ग योग्य आहे, मग पुढच्या निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागली तरी.

सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्या सचिवाने पीककर्जाच्या हंगामात रात्र-रात्र बसून सात-बारा आणि आठ-अ तपासले, त्याला ‘प्रशिक्षण मिळेल, बघू’ असे मोघम सांगत झुलवत ठेवणे हा उघड अन्याय आहे. त्याच्या कामाचे पुढे काय होणार, हे संचालकांनी ठराव करण्याआधीच त्याला समोर बसवून सांगितले पाहिजे.

सहकार कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्या सभेपूर्वी प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा संगणकीय उतारा द्यावा आणि जुन्या वहीशी तफावत निघाल्यास ती इतिवृत्तात नोंदवावी, अशी माझी सर्व संचालक मंडळांना विनंती आहे.

– एक सभासद शेतकरी, जि. परभणी