बार्बासॉलच्या डब्यासाठी मनापासून आभार

१९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’मध्ये डायनासोरचे भ्रूण चोरून नेण्यासाठी वापरलेला बार्बासॉल शेव्हिंग क्रीमचा डबा, त्याची प्रतिकृती अखेर तयार झाली. ती माझ्या एकट्याची नाही, म्हणून हे जाहीर आभार.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातले भंगारवाले काका, तुम्ही माझ्यासाठी पोती उपसलीत. हवा तो डबा तिथे नव्हता, पण सरावासाठी त्याच घेराचे, उभ्या शिवणीचे जुने पत्र्याचे डबे बाजूला काढून ठेवलेत. ॲल्युमिनियमचा येऊ नये म्हणून प्रत्येकाला लोहचुंबक लावून पाहिलंत! पंचवटीतल्या सलूनवाल्या दादांच्या अमेरिकेतल्या मेहुण्यांनी जुन्या छपाईचा खरा रिकामा डबा पाठवला. आमची तर ओळखही नाही. आतला दाब पूर्ण गेल्याशिवाय छिद्र पाडायचं नाही, असं बजावणाऱ्या ताईंचे विशेष उपकार.

आणि अंबडच्या लेथवर भ्रूणांच्या नळ्या धरणारी आतली चकती कातून देणारे मामा, तुम्ही मजुरीसुद्धा घेतली नाहीत. चित्रपटातल्यासारखाच तळ फिरवला की आतला भाग अलगद बाहेर येतो. सगळ्यांनी घरी या, हातात घेऊन बघा.