मालदांडीचा भाव आणि तुझा बेत

मंगळवेढा,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या दुकानात सेंद्रिय ज्वारीच्या पाकिटावरची किंमत बघून आबांचं सगळं रान येत्या वर्षापासून सेंद्रियला घ्यायचं तू मनात धरलं आहेस. मला त्याचा आनंद झाला, कारण आपल्या वयाचं कुणी गावच्या जमिनीचा असा विचार करतं हेच आता दुर्मीळ झालंय. पण "भाव काय मिळेल तेवढं कळव" असं तू लिहिलंस, आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घे, की आपल्याकडच्या कुठल्याही बाजार समितीत सेंद्रिय ज्वारीचा वेगळा सौदा निघत नाही. मंगळवेढा घे, बार्शी घे, सोलापूर घे. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, पांढरेपणा, चकाकी, दाण्याची जाडी बघतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल किती आहे ते बघतो आणि बोली लावतो. शेतात काय टाकलं हे तो विचारत नाही, आणि विचारलं तरी ते मोजायचं साधन त्याच्याकडे नाही. सरकारी हमीभावातही सेंद्रियसाठी निराळी ओळ नाही. मालदांडीचा, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीच्या वाणाचा, हमीभाव २०१४-१५ ला क्विंटलला १५५० रुपये होता, २०१८-१९ ला २४५०, आणि २०२५-२६ साठी ३७४९ जाहीर झालाय. आकडा दुपटीहून वर गेला, पण ज्वारीची सरकारी खरेदी गहू-तांदळासारखी होत नाही, त्यामुळे बाजार त्याच्या खालीही जातो आणि वरही.

तो वरखाली का होतो, ते आपण लहानपणापासून बघत आलोय. रब्बी ज्वारीचं क्षेत्र घटत चाललंय. पाणी आलं त्याने ऊस लावला, नाही आलं त्याने हरभरा केला, आणि आता मक्याकडेही पुष्कळांचा ओढा आहे, कारण इथेनॉलवाल्यांमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढलं. ज्वारी उपटायला, कापायला, पेंढ्या बांधायला माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत. पेरा असा आधीच कमी असताना पावसाने दगा दिला की भाव उसळतो. २०२३ चा ऑगस्ट आठवतो ना, देशभरात शंभराहून अधिक वर्षांतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. त्यात ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या साली मालदांडी चांगलीच चढली. पुढे आवक वाढली तशी उतरली. यंदा सप्टेंबरच्या पुराने सीना नदीकाठची रानं खरवडून नेली, इकडेही वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा आला, पेरण्या मागे पडल्या. मार्चमध्ये भाव काय निघेल हे आज छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता सेंद्रिय मालाचा वाढीव भाव. त्याला स्वतःचे पाय नाहीत. खरेदी करणारा आधी बाजारातला भाव विचारतो आणि त्यावर काही टक्के चढवतो. बाजार तेजीत असला की ही चढ आकसते, कारण शहरातलं गिऱ्हाईक एका मर्यादेपलीकडे पैसे मोजत नाही. बाजार पडला की दुकानातल्या पाकिटाची किंमत तशीच राहते आणि आपल्याला देऊ केलेला दर मात्र खाली येतो. आमच्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटाने मागे एका कंपनीशी ठरलेल्या दराने करार केला होता. काढणीच्या वेळी बाजार त्या दराच्या खाली गेला आणि त्यांची गाडी आलीच नाही. उलट झालं असतं, बाजार वर गेला असता, तर आमच्यातल्याच काहींनी माल बाहेर घातला असता, हेही मी नाकारत नाही. म्हणून आता आम्ही "माल उचलण्याच्या आठवड्यातला बार्शीचा सरासरी भाव आणि वर ठरलेले टक्के" असं लिहून घेतो, आणि त्यातली काही रक्कम आगाऊ मागतो. आगाऊ द्यायला जो तयार होत नाही त्याला आम्ही माल देत नाही.

तू हिशेबाचा माणूस, म्हणून आकड्यांत मांडतो. समज, बाजार ३५०० आहे आणि घेणारा वीस टक्के जास्त, म्हणजे ४२०० देतोय. तुला वाटेल क्विंटलमागे ७०० सुटले. पण त्याला चाळलेला, खडे-काडी काढलेला, एकसारखा दाणा हवा. ग्रेडिंगमध्ये शंभरातले पाच किलो गेले असं धर. उरलेल्या ९५ किलोचे झाले ३९९०. म्हणजे ४९० राहिले, आणि त्यातून ग्रेडिंगची मजुरी, नवं पोतं, पुण्यापर्यंतचं भाडं, प्रमाणपत्राच्या खर्चाचा आपला वाटा जायचा. आता उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, धर. एकरी सहा क्विंटल पिकत होती ती पाचवर आली, तर आधीचे २१,००० आणि आताचे ४.७५ क्विंटलचे १९,९५०. ज्या रानात उतारा पडतो तिथे वाढीव भाव घेऊनही माणूस मागे राहतो.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे. आबांचं ओढ्याकडचं भारी काळं कोरडवाहू रान पूर्वीपासून ओलीवरच पिकतंय. तिथे युरिया किती पडत होता? जवळपास नाहीच. तिथे सेंद्रिय केलंस तर उतारा फारसा हलणार नाही. उलट विहिरीखालच्या तुकड्याला दोन पाणी आणि खताची पोती लागतात, तिथे पहिली दोन-तीन वर्षं जड जातील. म्हणून सगळं रान एकदम घेऊ नकोस. ओढ्याकडचं घे, विहिरीखालचं राहू दे. फक्त थोडं रान सेंद्रिय आणि थोडं साधं ठेवलेलं चालतं का, ते प्रमाणपत्र देणाऱ्यांना आधी विचारून घे. चाललं तरी दोन्हीकडची ज्वारी एकच असल्यामुळे मळणी, पोती आणि साठवण वेगळी ठेवावी लागेल आणि तशी नोंदही दाखवावी लागेल. ते जमत नसेल तर विहिरीखाली हरभरा किंवा गहू कर.

कडब्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. शहरात राहून विसरलास बहुतेक! मालदांडी इकडे टिकून आहे ती निम्मी कडब्यावर. दुष्काळात शेकडा कडब्याला जो भाव येतो त्याने दाण्याची कसर भरून निघते. पण कडब्याला सेंद्रिय म्हणून कुणी एक रुपया जास्त देत नाही. तेव्हा टक्केवारीचा हिशेब करताना ती फक्त दाण्यावर लाव, पूर्ण पिकावर लावू नकोस.

प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत. एक अपेडाचा, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासून चालू आहे. यात बाहेरची संस्था तपासणीला येते, खर्च होतो, पण निर्यातीला हेच चालतं. दुसरा सहभाग हमी पद्धतीचा, पीजीएस. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं तपासतो, खर्च नाममात्र, आणि देशातल्या विक्रीला पुरतो. ज्वारीसाठी मी तुला पीजीएसच सुचवेन. दोन्हीकडे हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं रूपांतराची जातात, आणि त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. कष्ट सेंद्रियचे आणि भाव साधा, हीच दोन वर्षं माणसाला मोडतात. आपल्या भागात जे सोडून गेले ते बहुतेक याच टप्प्यावर गेले, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. परंपरागत कृषी विकास योजनेतून गटाला मदत मिळते, ती जरूर घे, पण तिच्या भरवशावर घर चालवू नकोस.

बियाण्याचं एक सांगून ठेवतो. दुकानातल्या पिशवीतलं बी बहुधा रंग लावलेलं, कीटकनाशक चोळलेलं असतं, ते चालत नाही. मालदांडी सरळ वाण आहे, संकरित नाही, मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याआधी निवडलेला. घरचं निवडक कणसांचं बी वर्षानुवर्षं चालतं. काणी या कणसावरच्या रोगासाठी गंधक चोळलेलं चालतं. माझ्याकडे बी आहे, तुला लागेल तेवढं देईन.

सगळ्यात जास्त पैसा मात्र काढणीनंतर जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांची ज्वारी एकदम येते, तेव्हाच भाव बसलेला असतो. थांबायचं म्हटलं तर साठवलेल्या दाण्याला पोरकिडे लागतात. साधा शेतकरी गोळ्या टाकून पोती झाकतो. आपल्याला ते चालत नाही. बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवलं तर सहा टक्क्यांनी सहा महिन्यांचं कर्ज मिळतं, फार उपयोगी योजना आहे, पण गोदामात कीटकनाशकाची धुरी देतात, आणि एकदा धुरी दिली की दोन वर्षं सांभाळलेलं सेंद्रियपण गेलं. यावर उपाय म्हणजे दाणे उन्हात कडक वाळवून ओल बारा टक्क्यांच्या खाली आणायची आणि हवाबंद पिशव्यांत भरायची. या पिशव्यांचा खर्च मला कधी जड वाटला नाही, कारण त्यांच्यामुळेच मी पावसाळ्यापर्यंत थांबू शकतो.

तू गहू-तांदळाच्या निर्यातीचंही विचारलंस. त्या बाजारात दिल्लीचा एक कागद सगळं उलटंपालटं करतो. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली, २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली. अमेरिकेनेही अपेडाच्या प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली, २०२२ च्या जुलैपासून तिथे पाठवणाऱ्याला त्यांच्याच नियमाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. दहा-बारा एकरवाल्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपलं गिऱ्हाईक पुण्यात आहे, आणि तिथेच तू आहेस. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव लोकांना ठाऊक आहे. तुझ्या सोसायटीत, ऑफिसात, वहिनींच्या ओळखीत वर्षाची ज्वारी एकदम भरणारी तीस-चाळीस घरं निघाली, तर बाजाराच्या वर जे काही मिळेल ते आबांच्या हातात पडेल. खपली गहू पिकवणाऱ्यांनी हेच केलं. खपलीला भाव मिळतो तो आधी गव्हाच्या जातीमुळे, आणि घराघरांत लागलेल्या सवयीमुळे. सेंद्रियचा शिक्का त्यानंतर येतो. रूपांतराची दोन वर्षंही अशीच निघू शकतील. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कुणाला सेंद्रिय म्हणून देऊ नकोस. रानात काय टाकतोय आणि काय नाही ते खरं सांग, रान बघायला बोलाव. माणसं विश्वासाने घेतात, मी पाहिलंय.

तर आधी घरं शोध. संक्रांतीपर्यंत यादी कळव, म्हणजे माझ्या या सालच्या ज्वारीतून दोन-चार पोती त्यांना चवीला पाठवतो. आबांशी मी परवा बोललो, ते ओढ्याकडच्या रानाला राजी आहेत, विहिरीखालच्याला नाहीत. गटात पाचवा शेतकरी कमी पडतोय, आबांचं नाव घालायचं का तेही लिही. कागदपत्रांना सातबारा, आठ-अ आणि आधारच्या प्रती लागतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा