पस्तीस टक्के

परळ, मुंबई
रविवार

प्रिय सुन्या,

काकांच्या बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. खाली तू लिहिलंयस, "पीडी-एल१ पस्तीस टक्के. म्हणजे काठावर पास का रे?" हसू आलं आणि मग कसंतरीच झालं. फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

हा आकडा माझ्यासारखाच कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावून ठरवतो. तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचा. ज्या कॅन्सरच्या पेशीवर पीडी-एल१ हे प्रथिन असतं, तिच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते, बांगडीसारखी. शंभरातल्या पस्तीस पेशींना बांगडी दिसली, एवढंच. तेही तांदळाएवढ्या तुकड्यात; बोटभर अंतरावरून घेतला असता तर आकडा बदललाही असता.

आपल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. ही बांगडी तो दाबते आणि पहारेकरी जागच्या जागी गप्प. हा ब्रेक शोधणाऱ्या होंजोंना आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणाऱ्या ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आता खरं सांगतो. मेसोथेलिओमात पीडी-एल१ जास्त असणं हे सहसा चांगलं लक्षण धरत नाहीत. पण ते जास्त सापडतं सार्कोमॅटॉइड या दांडग्या प्रकारात. काकांच्या रिपोर्टात वरच्याच ओळीत 'एपिथेलिऑइड', म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य प्रकार, लिहिलंय, तिकडे तू बघितलंही नाहीस. माझ्या लेखी त्या पस्तिसापेक्षा तो शब्द मोठा. शिवाय याच कुळात व्हिस्टा म्हणून एक रेणू आहे. तोही ब्रेकच, पण एपिथेलिऑइडमध्ये भरपूर असतो आणि ज्यांच्यात जास्त, ते पेशंट जास्त जगलेले दिसतात. एकाच घरातले दोन भाऊ, गुण उलटे! रोजच्या रिपोर्टात मात्र व्हिस्टा येत नाही.

इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे हे ब्रेक सोडवणाऱ्या औषधांसाठी, शेत विकायचं म्हणतोस, ते जरा थांब. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या तसल्याच दोन औषधांची केमोशी तुलना करणारी चाचणी ६०५ पेशंटांवर झाली, चेकमेट ७४३. ही औषधं मिळालेल्यांतले निम्मे पेशंट १८.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. केमोवाल्यांत तो आकडा १४.१. पण प्रकार वेगळे काढले की चित्र बदलतं. एपिथेलिऑइड नसलेल्यांत १८.१ विरुद्ध ८.८, आणि एपिथेलिऑइडमध्ये १८.७ विरुद्ध १६.५. तेव्हा डॉक्टरांनी केमो सुचवली तर बापाला स्वस्तातलं दिलं असं मनाला लावून घेऊ नकोस. "एपिथेलिऑइड आहे, मग इम्युनोथेरपीनं किती फरक पडेल?" असं सरळ विचार. वय, दम, किडनी बघून ते ठरवतील.

काल रात्री आपली लालबागची चाळ आठवत होती. काका बॉयलर खात्यातून यायचे ते पाइपांच्या लॅगिंगनं, म्हणजे वरच्या ॲस्बेस्टॉसच्या वेष्टनाच्या धुळीनं, पांढरेफटक, आपण त्यांना 'भूत आलं' म्हणायचो. ८२ च्या संपात ते सगळं सुटलं, पण ॲस्बेस्टॉसचा तंतू तीस-चाळीस वर्षं गप्प बसून असतो आणि मग हा कॅन्सर उठवतो.

आणि सुन्या, ते कपडे गॅलरीत झटकून धुवायच्या काकू. असे घरचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. घाबरवत नाही, पण त्यांना हल्ली जिना चढताना धाप लागते म्हणालास ना? काकांच्या पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन ये. छातीचा एक्स-रे काढू. जेवायला आमच्याकडेच.

तुझा,
बाळ्या