इस्पितळात सोबतीला माणूस हवाय! मंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की कानात कापसाचे बोळे घातलेली पोरं चाळीत दिसायला लागतात. "वाहतोय जरा, मोठा झाला की थांबेल," म्हणून घरचे मोकळे. कुणी लसणाचं तेल सोडतं, तर स्टेशनबाहेर कान कोरून घेणारे महाभागही आपल्यातच आहेत.

वाहणारा प्रत्येक कान धोक्याचा नसतो. पण पू थोडाच आणि त्याला घाण वास मारत असेल, तर नुसत्या थेंबांवर भागेलच असं नाही. कानाच्या पडद्यामागे कातडीचे पापुद्रे साचत जातात, त्याला डॉक्टर कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, पण हाड खातो. ऐकण्याची तीन इवलीशी हाडं झिजतात (त्यातलं रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरचं), कानामागचं मास्टॉइड हाड पोखरलं जातं. त्याच्या वर हाडाचा पातळ पडदा, पलीकडे मेंदू. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून लोक वर्षं काढतात. कानामागे सूज, ताप आणि डोकेदुखी, चक्कर, तोंड वाकडं होणं, यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा.

केईएम इस्पितळ आपल्याला हाकेच्या अंतरावर. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आधी केसपेपर, मग कान-नाक-घशाची ओपीडी, मग ऑडिओमेट्रीची (ऐकू किती येतं त्या तपासणीची) तारीख, सीटी स्कॅनची तारीख. प्रत्येक तारखेला आईचा नाहीतर बापाचा खाडा. खाडे वाढले की पुढची तारीख चुकते, आणि पोर वर्गात "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी खातं.

म्हणून यंदा विसर्जनाला डीजे नाही. काहींना राग आलाय, येऊ दे. ते पैसे बुडालेली रोजी, औषधं आणि तपासण्यांसाठी ठेवलेत, पण पुरायचे नाहीत. जमेल ती देणगी द्या. त्याहून जास्त गरज माणसांची: निवृत्त मंडळी, कॉलेजची मुलं, महिन्यातली एक सकाळ द्या. रांगेत उभं राहायचं, कागद सांभाळायचे, डॉक्टर काय म्हणाले ते घरी नीट सांगायचं, एवढंच काम.

घरात पडून असलेलं श्रवणयंत्र परस्पर कुणाला देऊ नका, मंडळात आणा. ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने) त्या कानाप्रमाणे सेट केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं. पावती मागून घ्या. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल.

आपली,
कार्यकारिणी